तक्रार नसलेला रोगी

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वैद्याच्या चिकित्सालयात सकाळी जाऊन बसावे. रोगी समोरच्या बाकावर टेकतो आणि वैद्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय तरास हाय?" दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षा येथून सुरू होते. निदान, पथ्य, औषधयोजना, एवढेच नव्हे तर औषधालयाच्या फळीवर कोणते चूर्ण पुढे ठेवावे हेही या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. ज्याला काही तक्रार नाही तो आमच्याकडे येत नाही. आलाच तर आईसाठी महायोगराज गुग्गुळ न्यायला येतो, आणि त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याचे आम्हास कारण उरत नाही. संसर्गजन्य रोगांच्या संदर्भात मात्र या तक्रार नसलेल्या मनुष्याकडे वैद्यवर्गाने आजवर दिले त्याहून अधिक लक्ष द्यावयास हवे, असे आमचे मत आहे.

या मताचे कारण २०२० व २०२१ या दोन वर्षांत आहे. मार्च २०२० मध्ये होळीच्या सुमाराची सैलानीची यात्रा रद्द झाली, शेगावचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि महिनाअखेर बुलढाणा शहरात कोविडने जिल्ह्यातील पहिला बळी घेतला. रोगाचे निदान सांगणारा अहवाल मृत्यूनंतर हाती आला. पुढील काही आठवड्यांत अनेक गावांनी शिवेवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकून रस्ते अडविले. ज्यांनी आजोबांच्या तोंडून पटकीच्या दिवसांतील मरीआईच्या गाड्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांना यात फारसे नवल वाटले नसेल. रोग बाहेरून येतो, तो डोळ्यांना दिसतो आणि त्याला शिवेबाहेर नेऊन सोडता येते, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. पटकीबाबतही ती खरी नव्हती. पटकीच्या जंतूंची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना जुलाब-वांती होतच नाही. तरीही एक ते दहा दिवसपर्यंत त्यांच्या मलातून जंतू बाहेर पडत राहतात. गाडा शिव ओलांडून गेला, तरी तो ओढणाऱ्यांपैकी एखाद्याच्या आतड्यात पटकी गावातच मुक्कामाला असे.

टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही चिकित्सालये उघडली, तेव्हा काट्यांची जागा थर्मल गनने घेतली. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कोठेही जा, औषधालयाच्या दारात ती बंदूक कपाळावर रोखली जाई आणि आकडा ठीक आला की मनुष्य निर्धास्तपणे आत येई. तिच्या जोडीला तीन प्रश्न असत : ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरगावाहून आलात का? आमच्या एका सहकाऱ्याकडे गुडघ्यांच्या दुखण्यासाठी जानुबस्ती घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी या तिन्हींना "नाही" असे उत्तर दिले, आणि ते खरे होते. दोन दिवसांनी त्यांना ताप आला, पाच दिवसांनी परिचारकाला आला, आणि त्यानंतर परिचारकाच्या घरातील वृद्ध आईला. त्या माउली वाचल्या नाहीत. परिचारकाला लागण नेमकी कोठून झाली हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. परंतु आम्ही दारात लावलेली चाळणी अशा माणसाला अडविण्यास मुळातच असमर्थ होती, एवढे मात्र ठामपणे सांगता येते.

ती असमर्थ का होती, हे समजण्यासाठी २००३ च्या सार्सशी तुलना उपयोगी पडते. सार्सचा विषाणू कोविडच्या विषाणूचाच भाईबंद. त्याने आठ हजारांवर लोकांना ग्रासले व सुमारे पावणेआठशे बळी घेतले. परंतु जुलै २००३ पर्यंत ती साथ आटोक्यात आली. त्या रोगात विषाणूचे उत्सर्जन आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात कळसाला पोहोचत असे. म्हणजे मनुष्य संसर्गकारक होण्यापूर्वीच अंथरुणाला खिळलेला असे. ताप आलेल्याला वेगळे ठेवले की साखळी तुटे. कोविडमध्ये घशातील विषाणूंचे प्रमाण लक्षणे सुरू होण्याच्या आसपासच सर्वाधिक असते. 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लागण देणारा व घेणारा अशा ७७ जोड्यांच्या आधारे, सुमारे ४४ टक्के लागण देणाऱ्याला लक्षणे दिसण्यापूर्वीच झाली असावी असा अंदाज मांडला गेला. त्याच महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर यांनी शंभरातील ऐंशी रुग्णांना लक्षणे नसतात किंवा ती सौम्य असतात, हे जाहीरपणे सांगितले होते. आमच्यापैकी बहुतेकांनी ते दूरदर्शन संचावर ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदुकीचा आकडा पाहून रोगी आत घेतले.

याच परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. त्यात आपला शेजारी जळगाव जिल्हाही होता. देशभराचा निष्कर्ष असा की, तपासणीत सापडलेल्या एकेका रुग्णामागे लागण झालेले सुमारे ८२ ते १३० जण असावेत. हे सारे लक्षणविरहित होते असे मात्र नव्हे. कित्येकांना अंगदुखी-सर्दी झाली असेल आणि त्यांनी सुंठ-तुळशीचा काढा घेऊन ती अंगावर काढली असेल, पुष्कळांची तपासणीच झाली नसेल. एवढा विवेक ठेवूनही दिसणाऱ्या रोगाच्या कितीतरी पट न दिसणारा रोग असतो, हे त्या आकड्याने दाखविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम उसळली ती अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा या आपल्या भागात. तेव्हा आमच्या फळीवरील काढ्याच्या पुड्यांचा खप पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलेला होता.

येथे आम्हास एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. "काढा घेतो, मला काही होत नाही," असे म्हणून तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढणारे लोक त्या काळात आपण सर्वांनी पाहिले. त्यांना तसे वाटावे असे शब्द आमच्यापैकी काहींनी वापरले होते. या शब्दांतील चूक काढा गुणकारी आहे की नाही या वादात शोधून सापडणार नाही. ती निराळ्या ठिकाणी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायावर भाष्य करताना चक्रपाणिदत्ताने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. विद्यार्थिदशेत हे दोन अर्थ आपण पाठ करतो व परीक्षेनंतर एकच समजून वापरतो. रसायन, बल्य द्रव्ये, दिनचर्या यांनी एखाद्याचे क्षमत्व पहिल्या अर्थाने वाढले, असे क्षणभर धरून चालू. त्याला लागण होईल. पण त्रास होणार नाही. म्हणजे तो कामाला जाईल, बाजार करील, पंगतीत बसेल, नातवंडाला मांडीवर घेईल. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने हे उत्तमच. परंतु घरातील मधुमेही वडिलांच्या दृष्टीने तोच मनुष्य तापाने फणफणून खोलीत पडलेल्या माणसापेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. रोग्याचे निरोगी राहणे आणि त्याच्यापासून इतरांचे सुरक्षित राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आमचे शास्त्र, आमचा व्यवसाय आणि आमची जाहिरातही पहिलीभोवती फिरते.

ही अडचण एकट्या आयुर्वेदाची आहे असेही नाही. टोचून दिली जाणारी पोलिओची लस मुलाला पांगळेपणापासून वाचविते, परंतु आतड्यातील विषाणूची वाढ ती तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीइतकी रोखत नाही. पोलिओची लागण झालेल्या शंभर मुलांपैकी एकालाही क्वचितच पांगळेपणा येतो. उरलेली खेळत-बागडत विषाणू पसरवितात. म्हणूनच १९९५ पासून पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील प्रत्येक धडधाकट बालकाला दोन थेंब पाजले गेले. "आमच्या पोराला काय झालं हाय?" असे विचारणाऱ्या आयांना त्या वेळी आपणही समजावीत होतो. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही.

श्लीपदाची रात्र

लक्षणांवर विसंबणे किती फसवे ठरते याचा आमच्या पाहण्यातील सर्वांत बोलका दाखला कोविडचा नसून हत्तीपायाचा आहे. श्लीपद आपणास ग्रंथांतून परिचित आहे. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत शीतता असते अशा प्रदेशांत तो विशेषेकरून होतो, हे निरीक्षणही ग्रंथांत आहे. आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडे, नागपूर-वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली या पट्ट्यात, हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. खांबासारखा सुजलेला पाय घेऊन बाजारात भीक मागणारा मनुष्य पाहिला की लोक त्याच्यापासून दूर सरतात. वास्तविक सूज जुनी झालेल्या अशा रोग्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात सूक्ष्म कृमी सापडतच नाहीत. त्याला चावलेला डास सहसा कोणालाच रोग देत नाही. रक्तात हजारो कृमी घेऊन वावरणारा मनुष्य बहुधा त्याच्या शेजारी उभा असतो. त्याचा पाय सडसडीत असतो आणि त्याला स्वतःला कसलीही तक्रार नसते. ही अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते.

त्यातून हे कृमी दिवसा सापडत नाहीत. आपल्याकडील जातीचे सूक्ष्म कृमी रात्री, साधारणपणे दहा ते दोनच्या दरम्यान, त्वचेजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी रात्री दारे ठोठावून, झोपेतून उठवून, बोटाचा थेंब काचपट्टीवर घेत फिरतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भा. च. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीच्या या थेंबावर अवलंबून न राहता निदान करता यावे यासाठी दीर्घकाळ संशोधन केले. सामुदायिक औषधोपचाराच्या मोहिमेत डायइथिल कार्बामाझिन व अल्बेंडाझोलच्या गोळ्या सर्वांना समक्ष गिळावयास सांगतात त्याचे कारणही हेच. गोळी पायासाठी नसते, रक्तातील कृमींसाठी असते. त्या पट्ट्यातील आमचे व्यवसायबंधू सांगतात की, कर्मचारी पाठ फिरवून गेला की लोक गोळी घेऊन वैद्याकडे किंवा औषधविक्रेत्याकडे येतात आणि विचारतात, "घेऊ का नको?" त्या क्षणी दिलेले उत्तर एका घराचे नसते, सगळ्या मोहल्ल्याचे असते. गर्भवती, अगदी लहान बालके व गंभीर आजारी वगळता उत्तर "घ्या" असेच असावयास हवे. घेतल्यावर ताप किंवा मळमळ झालीच, तर ती बहुधा रक्तातील कृमी मरू लागल्याची खूण असते, हेही सांगावे.

आता ग्रंथांविषयी. सुश्रुताने निदानस्थानात, कुष्ठनिदानाच्या अखेरीस, औपसर्गिक रोग सांगितले आहेत. वारंवार सहवास, अंगाचा स्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एकाच शय्येवर किंवा आसनावर बसणे, दुसऱ्याची वस्त्रे-माळा-लेप वापरणे यांतून कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे तो म्हणतो. संक्रमणाच्या मार्गांची ही यादी आजही विस्मयकारक वाटते. परिसंवादांतून याच वचनाचा आधार घेऊन लक्षणविरहित वाहकाची कल्पना आपल्याकडे पूर्वीपासून होती, असे सांगणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत. आम्हास ते मान्य नाही. तेथे रोग रोग्याकडून जातो असे म्हटले आहे. निरोगी दिसणाऱ्याकडून जातो असे नाही. जे नाही ते ग्रंथांच्या तोंडी घालून त्यांचा गौरव होत नाही. याउलट षट्क्रियाकालाचा उपयोग आम्हास खरोखर होतो. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय या चार अवस्था ओलांडल्यावर व्यक्ती येते, म्हणजे व्याधी लक्षणांपूर्वी कितीतरी अस्तित्वात असतो, ही दृष्टी आपल्या रक्तात आहे. कोविडची लागण झालेला मनुष्य पूर्वरूपही दिसण्याआधी दुसऱ्याला बाधा देतो, ही गोष्ट ज्याने क्रियाकाल नीट वाचला आहे त्याला समजावयास कठीण जाऊ नये.

आचाऱ्याचे पित्ताशय

रोग बरा झाल्यानंतर वाहक राहणारे लोक ही आणखी एक जात. वर्तमानपत्रे ज्याला विषमज्वर म्हणतात आणि त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांचा जन्मभर गोंधळ उडतो, तो टायफॉईड, म्हणजे आपला मंथरज्वर, लोकभाषेतील मोतीझिरा. यातून उठलेल्यांपैकी शंभरात दोन ते पाच जणांच्या शरीरात जंतू वर्षाहून अधिक काळ तळ ठोकतात. पित्ताशय, विशेषतः खडे असलेले पित्ताशय, ही त्यांची आवडती जागा. स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळते. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी स्वयंपाक करणारी मेरी मॅलन ही यातील जगप्रसिद्ध व्यक्ती. १९०७ साली तिला पकडून एका बेटावरील रुग्णालयात ठेवले गेले. पुन्हा स्वयंपाकीण म्हणून काम न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये ती सुटली. पण दुसऱ्या नावाने एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना १९१५ मध्ये पुन्हा सापडली. तेथे २५ जणांना लागण झाली होती आणि दोघांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर १९३८ साली मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. आपल्याला रोग आहे हे तिने अखेरपर्यंत मान्य केले नाही, आणि तिच्या बाजूने पाहिले तर तिला कधी काही होतच नव्हते. स्वयंपाकाइतकी कमाई देणारे दुसरे काम तिला कोणी मिळवून दिले नाही, हेही त्या कथेत विसरले जाते.

आपल्या जिल्ह्यात लग्नसराईत शे-दोनशे पानांची पंगत उठविणारे आचारी, यात्रेत रोडगे थापणाऱ्या बाया, वसतिगृहांच्या भोजनालयांतील मदतनीस यांच्यात असे कोणी नसेलच असे मानण्यास आधार नाही. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी घालून दिलेली आहे. त्या प्रमाणपत्रासाठी ही मंडळी कधीकधी आमच्याच दारात येतात. केवळ नाडी पाहून व जीभ पाहून त्यावर सही करू नये. मोतीझिरा कधी होऊन गेला का, घरात वा पंगतीत वारंवार ताप आले का, पित्ताशयात खडे आहेत का, हे विचारावे आणि संशय आल्यास मलाची जंतुवर्धन तपासणी एकदा नव्हे, अनेकदा करवून घ्यावी, कारण जंतू रोज बाहेर पडत नाहीत. वाहक सापडला तर त्याला पूर्ण उपचारासाठी योग्य ठिकाणी पाठवावे. पित्ताशयातील हे जंतू आपल्या अमुक कल्पाने नाहीसे होतात असा दावा करण्याइतका पुरावा आमच्या पाहण्यात नाही. आणि त्याचे नाव गावात फुटू देऊ नये. २०२० मध्ये घरांवर डकविलेल्या कागदांनी काय केले, ते आठवावे. पुढच्या वेळी त्याच घरांनी खोकला लपविला.

राजयक्ष्म्याबाबत तर एका आकड्याने आम्ही स्वतः हादरलो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात आढळलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या क्ष-किरण चित्रामुळे सापडले. लक्षणे विचारून ते हाती लागले नसते. क्षयरुग्णाच्या घरातील माणसे खोकत नसली तरी त्यांना क्ष-किरण तपासणीसाठी पाठविणे, एवढे तरी आमच्या हातात निश्चित आहे.

आमचेच हात

आजवर इतरांविषयी लिहिले. परंतु वाहक आमच्या बाकावर बसतो तेव्हा त्याच्याकडून पुढच्या रोग्यापर्यंतचा पूल आमच्याच हातांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात दीर्घकालीन हिपॅटायटिस-बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते. त्यांतील बहुतेकांना ते ठाऊक नसते. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. गुजरातमधील मोडासा येथे २००९ च्या आरंभी वापरलेल्याच सुया-सिरिंजांतून या रोगाची साथ पसरली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली.

सिरावेध, प्रच्छान, जलौकावचरण, अग्निकर्म, क्षारसूत्र, कर्णवेध ही आमची रक्ताशी संबंध येणारी कर्मे. एका रोग्याला लावलेली जळू वमन करवून शुद्ध केली तरी दुसऱ्याला लावू नये. तिचे भांडे त्या रोग्याच्या नावाने वेगळे ठेवून पुढे त्याच्यासाठीच वापरावी, अन्यथा नष्ट करावी. प्रच्छानाचे पाते, सिरावेधाची सुई एकदाच. अग्निकर्माची शलाका तापून लाल होते म्हणून ती शुद्ध, पण ती धरण्यापूर्वी आणि नंतर ज्या कापसाने रक्त टिपले तो कोठे गेला? बस्तीचे नेत्र साबणाने धुऊन पुन्हा वापरणारे आम्ही पाहिले आहेत. प्रत्येक रोग्यास नवी रबरी नळी द्यावी, तिची किंमत तेलाच्या किमतीपुढे काहीच नाही. नस्याच्या बाटलीचे ड्रॉपर नाकपुडीला टेकले की ती बाटली त्या रोग्याची झाली.

औषधालयात रक्त नसते, पण थुंकी असते. पुडीचा कागद सुटा करण्यासाठी बोट जिभेला लावण्याची सवय आमच्या पिढीतील कित्येक विक्रेत्यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. दिवसातून शंभर पुड्या बांधणारा मनुष्य ते शंभर वेळा करतो, आणि त्या पुडीतील चूर्ण चाटून खाल्ले जाते. पाण्याने भिजविलेला स्पंज गल्ल्याजवळ ठेवला की काम भागते. सुटे चूर्ण हाताने न घेता पळीने घ्यावे; गिऱ्हाइकाला तळहातावर चव देण्याची पद्धत बंद करावी. हे सर्वांसाठी सारखेच करावे. "हा ओळखीचा, हा धडधाकट" असा अपवाद जेथे सुरू होतो, नेमका तेथे वाहक शिरतो.

आणि वैद्य स्वतः? आमच्यापैकी किती जणांनी हिपॅटायटिस-बीची लस घेतली आहे, असे एका बैठकीत सहज विचारले, तेव्हा वर आलेले हात मोजावयास एका हाताची बोटे पुरली. तीन मात्रा असतात : आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. टोचून घेण्यापूर्वी आपण स्वतःच वाहक नाही ना, याची रक्ततपासणी करावी, आणि तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली का तेही पाहावे. औषधालयातील सहाय्यक, पंचकर्माचा परिचारक आणि वापरलेली पाती केराच्या टोपलीतून उचलणाऱ्या सफाईच्या बाई यांचा त्यात समावेश असावा. त्यांच्या मात्रांचा खर्च चिकित्सालयाने करावा.